कोपर आणि वारा

भाचा : मामा, कोपर खाली येतंय तुझं.

मामा : करवंटी पडली ना?

भाचा : पडली. तरी कोपर खाली आलं.

मामा : मग पुन्हा टांग तिला. म्हणावं, आता कोपर वर धरून मारतोय, तेवढ्यासाठी परत पड बाई.

भाचा शाळेत खेळ शिकवतो. मामा सत्तरीचा आहे. त्याचा बाप तीरकमठा घेऊन रानात जायचा आणि हा पोर म्हणून मागेमागे चालायचा. नाशिकहून वाघेरा घाट उतरलं की हरसूलचा मुलूख लागतो. नाचणी, वरई आणि भाताची खाचरं, कोकणा, वारली, महादेव कोळ्यांचे पाडे, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला मोखाडा-जव्हार. हे दोघे तिथल्या कुठल्या एका घरातले नाहीत. त्या बाजूला ऐकलेल्या बोलण्यांतून मी त्यांना एका खळ्यावर आणून उभं केलं आहे. ही युक्तीही माझी नाही. धनुर्विद्येवरचं पहिलं इंग्रजी पुस्तक, रॉजर अॅस्कमचं ‘टॉक्सोफिलस’, 1545 साली निघालं तेच मुळी दोघांच्या संवादाच्या रूपात. एक धनुष्याचा वेडा आणि दुसरा पुस्तकांचा. हरसूलच्या खळ्यावर मात्र थोडी गंमत आहे. इथला पुस्तकवाला हाच धनुष्यानं जास्त झपाटलेला आहे.

मुद्दा असा : धनुष्यानं शिकार करायची रीत, आणि तिला लागणारा नेम, पुस्तकातून शिकता येतो का?

भाचा : अॅस्कमनं पाच गोष्टी सांगितल्यात. उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरून ठेवणं, सोडणं. पावणेपाचशे वर्षं झाली, आजचा प्रशिक्षकही याच क्रमानं शिकवतो. म्हणजे पुस्तकात काहीतरी टिकाऊ आहे की नाही?

मामा : आहे ना. पण या पाचांत जनावर कुठं आहे?

भाचा : जनावर पुढं येतं. आधी हात बसला पाहिजे.

मामा : माझा बाप हात बसवायला कधी उभा राहिला नाही. रोज चालला, रोज वाकला, आणि हात आपोआप बसला.

इथे मला एक जहाज आठवतं. ‘टॉक्सोफिलस’ निघालं त्याच साली, 1545 च्या जुलैत, इंग्लंडच्या राजाचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालं. 1982 मध्ये ते वर काढलं गेलं. त्यातून 137 अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण हाती आले. सोबत खलाशांचे सांगाडेही होते, आणि त्यांतल्या काहींच्या खांद्याच्या हाडाचं टोक मूळ हाडाशी जुळलेलंच नव्हतं. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असं झालं असावं, असं हाडांचे अभ्यासक मानतात. एकाच वर्षी विद्या कागदावरही उतरली होती आणि हाडांतही. अॅस्कमचं पुस्तक वाचून कुणाचा खांदा तसा झाला नसता. मामाच्या बाजूनं याहून मोठा पुरावा मला सुचत नाही. मामाला तो सांगितला असता, तर तो म्हणाला असता, हाडं बघायला जहाज कशाला बुडवायचं?

पण भाचाही साधा गडी नाही.

भाचा : तुझ्या भात्यातले तीन बाण डावीकडे जातात. ठाऊक आहे?

मामा : ठाऊक आहे. त्या तिघांना मी ओळखतो. ते लावले की जरा उजवीकडे धरतो.

भाचा : का जातात ते ठाऊक आहे?

मामा : त्यांची खोड आहे.

भाचा : खोड नाही, ते ताठ आहेत. दोरी सुटली की बाण सरळ जातच नाही. मासोळीसारखा वळवळतो आणि कमानीच्या दांड्याला वळसा घालून पुढं जातो. अमेरिकेत 1930 च्या सुमारास झटपट कॅमेऱ्यानं याची चित्रं घेतली, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. जो बाण ताठ तो पुरेसा वाकत नाही. मग उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. जो फार लवतो तो उजवीकडे.

मामा : हे तू पुस्तकात वाचलंस?

भाचा : वाचलं, आणि करूनही बघितलं. 26 इंचांवर दोन आधार ठेवायचे, त्यांवर बाण आडवा ठेवायचा, मध्ये दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि तो किती लवतो ते मोजायचं. तुझे तीन बाण बाकीच्यांच्या निम्मेसुद्धा लवले नाहीत.

मामा : मी बोटांत धरून लववतो. मलाही कळतं.

भाचा : कळतं, मग फेकून का दिले नाहीस?

मामा : चांगला बांबू आहे. आणि सांगितलं ना, मी ओळखतो त्यांना.

भाचा : तू ओळखतोस. पोराच्या हातात दिले, तर पोर म्हणणार माझा नेम चुकला. महिनाभर स्वतःलाच दोष देत बसणार.

या फेरीत भाचा जिंकला, असं मी म्हणतो. मामाची विद्या मामाच्या अंगात अगदी चोख आहे, पण तिला त्याच्या अंगाबाहेर पडायचं दार नाही. पुस्तकानं मामाला काहीच शिकवलं नसेल, पण मामाकडून शिकणाऱ्याला मात्र त्यानं खूप दिलं असतं. बाणाला एकाच पंखाची पिसं लावावीत, डाव्या-उजव्याची सरमिसळ करू नये, हे मामाही करतो. का, असं विचारलं की म्हणतो, बाप करायचा. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, हेही बापाचंच. यावर भाच्याचं म्हणणं असं की भुंगा येतो तो बांबूतल्या पिठूळपणासाठी, आणि पावसाळा सरून गेल्यावर तो कमी असतो. चंद्राचं मात्र त्याला पटलेलं नाही. मामाला तेही चालतं. बांबू टिकला म्हणजे झालं.

मामा : बरं, बाण सरळ केलेस. आता नेम कसा धरणार?

भाचा : दोन रीती आहेत. एकीत बाणाच्या टोकाकडे बघायचं आणि अंतराप्रमाणे ते वर-खाली धरायचं. दुसरीत बाणाकडे बघायचंच नाही. जिथं मारायचं तो बारीकसा ठिपका बघायचा, हनुवटीजवळ हात दरवेळी त्याच जागी आणायचा आणि सोडायचं. शिकार करणारे बहुतेक ही दुसरीच सांगतात. तिच्यासाठी आधी डोळे मिटून, अगदी जवळून, पेंढ्याच्या भाऱ्यावर मारायचा सराव करायचा. म्हणजे नेमाची काळजी सुटते आणि अंगाला फक्त ओढणं-सोडणं कळतं.

मामा : डोळे मिटून? हे बरं सांगितलंय.

भाचा : आवडलं ना?

मामा : आवडलं. पण नेम डोळ्यात नसतो, पायात असतो. पन्नास पावलांवरून बापानं कधी बाण सोडला नाही. दहा-पंधरा पावलांवर आला की मगच. आणि तिथपर्यंत पोचायचं, म्हणजे वारा तोंडावर हवा, पाचोळा वाजता कामा नये, जनावरानं मान खाली घातली की एक पाऊल, मान वर केली की झाड. हे कुठल्या पानावर आहे?

भाचा : आहे पान. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर होता...

आता पोपची गोष्ट सांगायला हवी, कारण या वादातला खरा पेच तिच्यात आहे, आणि दोघांपैकी कुणाचीही त्यातून सहज सुटका होत नाही. 1911 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाशी एक माणूस आढळला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. त्याची बाकीची माणसं गोऱ्यांच्या गोळ्यांनी आणि उपासमारीनं संपली होती. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. शेजारच्या वैद्यकीय शाळेत पोप शल्यचिकित्सक होता. तो इशीवर उपचार करायचा आणि हळूहळू त्याच्याकडून धनुष्य शिकू लागला. 1914 मध्ये दोघं इशीच्या जुन्या रानात जाऊन आले. 1916 मध्ये क्षयानं इशी गेला. पोपनं आधी याहींच्या धनुर्विद्येवर निबंध लिहिला आणि 1923 मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’ हे पुस्तक काढलं. धनुष्यानं शिकार करू पाहणारी जगभरची माणसं आजही ते वाचतात.

भाचा : त्यात वारा आहे, मामा. वासही आहे. शिकारीला निघायच्या आधी इशी मासे खायचा नाही, तंबाखू ओढायचा नाही, पहाटे अंघोळ करायचा आणि सुगंधी पाल्यानं अंग चोळायचा.

मामा : शाबास. त्याला वास कळत होता.

भाचा : ओठांवर बोटं ठेवून मुका घेतल्यासारखा आवाज काढायचा. ससा अडचणीत सापडल्यासारखा. मग दुसरे ससे बघायला पुढं यायचे.

मामा : आणि बाण उकिडवा बसून मारायचा का?

भाचा : तुला कसं कळलं?

मामा : झुडपात उभं राहून कोण मारणार? तुझ्या त्या अॅस्कमला विचार.

भाचा : पण एक सांगतो, रागावू नको. पोप आणि त्याच्या मित्रांनी गोल पाट्यावर, ठरलेल्या अंतरावरून नेम मोजले, तेव्हा इशी त्यांच्या मागे पडायचा. तो म्हणजे काही फार मोठा नेमबाज नव्हता.

मामा : पाट्यावर.

भाचा : हो, पाट्यावर.

मामा : आणि हरणावर?

भाचा : हरणावर नाही. रानात तो भारी होता. लहान वस्तूवर, जवळून, त्याचा नेम चुकत नसे.

मामा : मग मागे कोण पडलं ते सांग.

इथे हसून सोडून द्यावं, असं वाटतं, पण मामाचा प्रश्न खरा आहे. नेम या एका शब्दाखाली आपण दोन कामं भरतो. आज जागतिक स्पर्धेत रिकर्व्ह धनुष्याचं निशाण 70 मीटरवर असतं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. निशाण हलत नाही, वास घेत नाही, पळत नाही. तिथे जिंकतो तो प्रत्येक बाण अगदी मागच्या बाणासारखाच सोडणारा, आणि ही गोष्ट पुस्तक, आरसा आणि प्रशिक्षक यांच्याकडून शिकता येते. साताऱ्यात तयार झालेले आदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, ते असंच. शिकारीत मात्र दोन बाण कधीच सारखे नसतात. तिथे खरी विद्या अंतर कमी करण्याची आहे, आणि त्याहूनही न सोडण्याची. जनावर तिरकं उभं नसेल, मध्ये फांदी असेल, वारा फिरला असेल, तर दोरी ढिली करून माघारी यायचं. बाण रक्तस्रावानं मारतो, धक्क्यानं नाही, असं पोपनंही लिहिलं आहे. म्हणून बाण चुकीच्या जागी लागला, तर जनावर दिवसभर तडफडत मैलोगणती जातं. मामाच्या बापाचे न सोडलेले बाण कुणी मोजले नाहीत. पाट्यावर तर ते दिसतही नाहीत.

पण आता मामालाही उलटं विचारायला हवं. इशीबद्दल हे सगळं आपल्याला कळलं कुठून? पुस्तकातून. पोप शेजारी उभा राहून शिकला, पोपनंतरचे सगळे त्याचं वाचून. इशीच्या जमातीतलं कुणी उरलंच नव्हतं. कागदावर उतरलं नसतं, तर 1916 मध्ये सगळं संपलं असतं.

मामा : वाचून शिकणाऱ्याला गुरू लागत नाही म्हणतोस?

भाचा : एकलव्याला कुठं लागला? मातीचा पुतळा करून शिकला. पुतळा म्हणजे पुस्तकच की.

मामा : पुतळ्यानं काय शिकवलं रे? पुतळा उभा होता, शिकवलं रानानं. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण बसवले आणि कुत्र्याला इजा नाही. हे पुतळ्यासमोर बसून येतं का?

भाचा : मग आपल्याकडचेच ग्रंथ घे. अग्निपुराणात उभं राहायच्या रीती आहेत : समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ. धनुर्वेदाच्या पोथीत दोरी धरायच्या पाच मुठी आहेत : पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी, काकतुंडी.

मामा : काकतुंडी धरून दाखव.

भाचा : (हात वर करतो, बोटं जुळवतो, पुन्हा सोडतो.) चित्र नाही ना त्यात.

मामा : बघ.

भाचा : चालुक्यांच्या सोमेश्वर राजानं कल्याणीला बसून ‘मानसोल्लास’ लिहिला, नऊशे वर्षांपूर्वी. त्यात मृगयेवर लांबलचक लिहिलंय.

मामा : राजाला रात्री घरी जाऊन जेवण तयार मिळायचं. त्याची शिकार वेगळी.

भाचा : एका जर्मन प्रोफेसरनं जपानी गुरूकडं वर्षानुवर्षं शिकून पुस्तक लिहिलं. त्यात गुरू म्हणतो, बाण तू सोडायचा नाहीस, ‘तो’ सोडतो.

मामा : आणि चुकला तर कुणी चुकवला?

ऑइगेन हेरिगेलच्या त्या पुस्तकावर इतका थोडक्यात आणि इतका नेमका अभिप्राय मी दुसरा वाचला नाही. जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनीही दाखवलं आहे की गुरूशिष्यांमधला दुभाषा मोक्याच्या वेळी हजर नव्हता आणि हेरिगेलनं ऐकलं त्यातलं काही गुरूच्या मनातलं नसावं. गुरू समोर असूनही असं होऊ शकतं, हे मात्र मामानं लक्षात ठेवावं.

भाचा : लिंबा रामचं बघ मग. राजस्थानातला आदिवासी पोरगा, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. 1987 मध्ये खेळाडू शोधायला सरकारची माणसं गेली तेव्हा सापडला आणि पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकला गेला. हात रानानं दिला, रीत प्रशिक्षकानं. आपली सावरपाड्याची धावपटू कविता राऊतही तशीच. पाय इथल्या डोंगरांनी दिले, पदकं मिळाली ती नाशिकला शिकल्यावर. आपल्या पोरांना इंडियन राउंडमध्ये उतरवता येईल. धनुष्य बांबू-लाकडाचंच असतं, अंतर 30 आणि 50 मीटर. तू शाळेत ये. आठवड्यातून एक तास.

मामा : आलो तर पहिला महिना धनुष्य देणार नाही. नुसतं चालवणार.

भाचा : तास पस्तीस मिनिटांचा असतो.

मामा : पस्तीस मिनिटांत वाराही फिरत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कुणी वाचून धनुष्य उचलेल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याखाली वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे, तसा प्रयत्न करणंही गुन्हाच. रानडुक्कर पीक खात असलं, तरी अधिकाऱ्याची परवानगी लागते. मामा जे सांगतो ते बापाच्या काळातलं आणि स्वतःच्या पोरवयातलं. आता हरसूलकडे धनुष्य निघतं ते बोहाड्याच्या उत्सवात सोंगाच्या हातात, किंवा एखाद्या मंचावर पाहुण्याला भेट द्यायला. पाहुणे ते उलटं धरून फोटो काढतात. कायदा हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानं एक विचित्र गोष्ट केली. मामाच्या विद्येची परीक्षा घेणारं रान बंद झालं आणि उरली ती फक्त सांगण्याची विद्या. म्हणजे इच्छा असो वा नसो, मामा आता पुस्तकाच्याच बाजूला ढकलला गेला आहे. हे त्यालाही कळतं. भाच्यानं वही काढली ती म्हणूनच.

भाचा : तू सांग, मी लिहितो. पाणवठा, पायवाट, कुठलं फळ पडलं की कोण येतं, सगळं.

मामा : पाणवठा नाही लिहायचा.

भाचा : का?

मामा : वही कुणाच्या हातात जाईल ते वहीला ठरवता येत नाही. उद्या कुणी फासे घेऊन तिथं बसेल. मी शिकवीन तेव्हा माणूस बघून शिकवीन.

भाचा : माणूस बघून शिकवणारा द्रोणच होता, मामा.

मामा काही बोलला नाही. मला वाटतं, या सगळ्या वादात पुस्तकाच्या बाजूनं बोललं गेलेलं सर्वांत वजनदार वाक्य हेच. पुस्तक वारा दाखवू शकत नाही, कोपर धरून वर करू शकत नाही, चूक झाली तर ओरडतही नाही. पण कुणाला दारातून परतही पाठवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरनं लिहिलेलं हरसूलच्या मास्तरानं वाचलं, त्याला कुणी जात विचारली नाही, अंगठा मागितला नाही. आणि तरीही पाणवठ्याबद्दल मामाचं बरोबर आहे. ज्ञान सगळ्यांचं असावं हे मान्य, पण पाणवठा ससे-भेकरांचाही आहे, आणि वहीत काय लिहायचं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मामा : बरं, लिही. पण पाणवठा नाही.

भाचा : पाणवठा नाही. पहिल्या पानावर धनुष्याचं चित्र काढतो, एकेका भागाचं नाव लिहितो.

मामा : पहिल्या पानावर वारा.

भाचा : वाऱ्याचं चित्र कसं काढू?

मामा : ते तू बघ. मास्तर तू आहेस.

भाचा : चुलीतली राख चिमटीत घेऊन सोडायची आणि कुठं जाते ते बघायचं, असं लिहू?

मामा : लिही. पण राख बारीक पाहिजे, चाळलेली. जाड असली तर सरळ खाली पडते आणि पोरगं म्हणतं, वाराच नाही.

भाचा : (लिहीत) चाळलेली. कशानं चाळायची?

मामा : लुगड्याच्या फडक्यानं. आणि कोपराचंही लिही तिथंच, तू म्हणतोस तसं. पोरांचं कोपर खाली येतं.